अंगावर पाजताना दुखतंय? केव्हा आणि कुठे, ते आधी बघा

बाळंतिणीने ‘पाजताना दुखतंय’ म्हटलं की घरातून दोन उत्तरं हमखास येतात. ‘पहिलटकरणीला दुखायचंच, होईल सवय’, नाहीतर ‘मग वरचं दूध चालू करा’. सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण पहिल्या उत्तराने बाई दात-ओठ खाऊन पाजत राहते आणि निपलला चिरा पडतात. दुसऱ्याने छाती रिकामी होत नाही, भरून ठणकायला लागते, आणि थोड्याच दिवसांत ‘दूधच आटलं’ असं ठरून जातं.

पहिले काही दिवस बाळ तोंडात घेतं त्या क्षणी चमक निघणं आणि अर्ध्या-एक मिनिटात ती ओसरणं, एवढं नवीन बाळंतिणीला होऊ शकतं. त्यापुढचं काहीही, म्हणजे पाजून होईपर्यंत टिकणारी कळ, चिरा, रक्त, पाजायची वेळ आली की पोटात येणारा गोळा, हे सोसत बसू नका. त्याला कारण असतं आणि ते शोधता येतं. ते सापडलं की बरीचशी दुखणी घरच्या घरी, फारसं काही विकत न आणता कमी होतात.

आधी दुखणं ओळखा

औषधाच्या आधी दोन प्रश्न: केव्हा दुखतं आणि कुठे दुखतं?

बाळाने तोंडात घेतल्यापासून सोडेपर्यंत निपलच दुखत असेल, तर दहातल्या बहुतेक जणींमध्ये बाळाची पकड चुकलेली असते. दोन्ही बाजू एकदम भरून, ताणून, चकाकायला लागल्या असतील आणि बाळ तीन ते पाच दिवसांचं असेल, तर दूध उतरलंय पण निघत नाहीये. एकाच बाजूला एकाच जागी गाठ लागत असेल, तर तिथे सूज आली आहे. सोबत लाली आणि थंडीताप आला, तर तो स्तनदाह. पाजून झाल्यावर निपल पांढरं पडून ठणकत असेल, तर रक्तवाहिन्या आखडत आहेत. पाजायला घेतलं की छातीत सुया टोचल्यागत होऊन दूध गळायला लागत असेल, तर तो नुसता पान्हा आहे. आणि पाजताना ओटीपोटात कळा येत असतील, तर गर्भाशय जागेवर येतंय. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात या कळा जास्त जाणवतात. काही दिवसांत आपोआप थांबतात, पोटावर गरम पाण्याची पिशवी धरली तरी बरं वाटतं.

एक खूण फार उपयोगी आहे. बाळाने सोडल्या सोडल्या निपलकडे बघा. ते तोंडात जाताना होतं तसंच गोल, जरा लांबट दिसलं तर ठीक. एका बाजूने चपटं, तिरकस, नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं दिसलं, किंवा त्यावर पांढरी रेघ उमटली, तर ते बाळाच्या तोंडात चेंगरतंय.

पकड: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

जीभ वरच्या दातांमागून मागे फिरवून बघा. पुढची टाळू कडक लागते, आणखी मागे गेलं की मऊ लागते. बाळाच्या तोंडातही हेच आहे. निपल मागच्या मऊ भागाजवळ पोचलं तर त्याला काही इजा होत नाही. बाळाने नुसतं टोकच धरलं, तर ते जीभ आणि कडक टाळू यांच्यामध्ये दर घोटाला घासलं जातं. शिवाय निपलमध्ये दूध साठत नाही, ते आत, निपलभोवतीच्या काळ्या भागाच्या मागे असतं. टोक ओढून बाळाला दूधही कमी मिळतं. मग ते तासभर लुचतं, पोट भरत नाही म्हणून रडतं, पुन्हा लावलं जातं, पुन्हा घासतं. दुखणं आणि ‘दूध पुरत नाही’ ही तक्रार अशा जोडीने येतात.

आमच्या वॉर्डात जालन्याकडची एक पहिलटकरीण होती, सिझर झालेली. ‘सिस्टर, लई दुखायलंय. लेकराने तोंडात धरलं की जीव चाललाय असं वाटायलंय.’ शेजारी बसलेली तिची आई म्हणाली, ‘आमच्या टायमाला बी दुखायचं, आम्ही कुणाला सांगितलं नाय.’ बाळ पोट छताकडे करून मांडीवर होतं, मान तेवढी वळवलेली. ही वाकून, खांदे कानाला लावून, चिमटीत धरलेली छाती त्याच्या तोंडात कोंबत होती. पाठीला उशी दिली, मांडीवर वाकळेची घडी ठेवली, बाळाला कुशीवर वळवून त्याचं पोट आईच्या पोटाला लावलं. मग निपल त्याच्या नाकासमोर धरून थांबलो. नुसतं थांबलो. त्याने वास घेतला, डोकं जरा मागे टाकलं आणि तोंड मोठं उघडलं. त्याच क्षणी खांद्यामागच्या हाताने त्याला जवळ ओढलं. तिने डोळे घट्ट मिटले, मग हळूच उघडले. तिची आईच म्हणाली, ‘आता घोटाचा आवाज यायलाय की गं.’

तेच आता क्रमाने. रडून लाल झालेलं बाळ नीट पकडत नाही, त्याची जीभ वर गेलेली असते. म्हणून मूठ चोखणं, तोंड इकडेतिकडे वळवणं, जीभ बाहेर काढणं दिसलं की लगेच घ्या. तुमची पाठ टेकलेली हवी, खांदे सैल हवेत. बाळाचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत ठेवा. मान वळवून तुम्हाला तरी पाणी पिता येतं का, बघा. त्याचं अख्खं अंग तुमच्या अंगाला लागू द्या, मधे दुपट्याच्या चार घड्या नकोत. हात त्याच्या खांद्यांमागे आणि मानेच्या बुडाशी असू द्या. डोक्याच्या मागून दाबलं की बाळ उलट मागे ढकलतं.

आता निपल नाकासमोर. वरच्या ओठाला हलकेच लावा आणि जांभई देताना उघडतं तेवढं तोंड उघडेपर्यंत वाट बघा. ही वाट बघणं सगळ्यांना जड जातं, आणि तिथेच पकड बिघडते. तोंड उघडलं की बाळाला छातीकडे आणा, छाती बाळाकडे नेऊ नका. हनुवटी आधी टेकली पाहिजे. छातीला आधार द्यायचा तर चार बोटं खालून आणि अंगठा वरून, काळ्या भागापासून लांब. सिगारेट धरतात तशी दोन बोटांची कात्री करायची नाही. बोटं मधे येतात आणि बाळाला खोल धरता येत नाही.

पकड जमली हे असं कळतं: हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल भरलेले, काळा भाग वरच्या ओठापाशी जास्त दिसतो आणि खालच्या ओठापाशी कमी. सुरुवातीला भराभर लुचून मग संथ ओढ, मधेच घोट. गालाला खळ्या पडत असतील किंवा चट्‌चट् आवाज येत असेल तर पकड उथळ आहे. मनात दहापर्यंत आकडे मोजा. तेवढ्यात कळ ओसरली नाही तर सोडवा आणि पुन्हा लावा. सोडवताना ओढू नका, चिरा तिथेच पडतात. करंगळी स्वच्छ धुऊन बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये सरकवा, हवा आत गेली की ते आपोआप सोडतं. एकेका वेळी चार-पाचदा सोडवून लावावं लागलं तरी कंटाळू नका. दोन-तीन दिवसांत बाळही शिकतं.

कसं बसायचं, कसं निजायचं

आपल्याकडे बाळंतीण बाजेवर. बाजेला झोळ असतो, त्यात बसलं की पाठ वाकते आणि बाळ खाली जातं. पाजताना तरी भिंतीला टेकून खाली गादीवर किंवा हात असलेल्या खुर्चीत बसा, पायाखाली पाट घ्या.

सिझर झालेलं असेल तर टाक्यांवर बाळाचा भार नको. बाळाला बगलेत घ्या: पाय तुमच्या पाठीकडे, डोकं छातीपाशी, खाली उशी. जुळ्यांनाही आणि भरलेल्या मोठ्या छातीलाही ही पद्धत सोयीची. रात्री कुशीवर निजून पाजा. बाळही कुशीवर, पोटाला पोट. एका बाईने एकदा समोर बसून दाखवलं की जमतं, त्यामुळे आशाताई घरी येतील तेव्हा लाजू नका, त्यांच्यासमोर पाजून दाखवा. दूध खूप जोरात येऊन बाळाला ठसका लागत असेल तर मागे रेलून, बाळाला पोटावर पालथं ठेवून पाजा.

निपल सपाट किंवा आत ओढलेलं असलं तरी पाजता येतं, कारण बाळ निपल नाही, छाती धरतं. पकडायला अवघड जात असेल तर आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत सिरिंजचा उपाय शिकवतात. 10 किंवा 20 मि.ली.ची नवी सिरिंज घ्यायची, सुई बसते ते टोक ब्लेडने कापायचं, दट्ट्या बाहेर काढून कापलेल्या बाजूने घालायचा आणि मूळची गुळगुळीत कड निपलभोवती टेकवायची. दट्ट्या हळू ओढून अर्धा-एक मिनिट धरायचा, पाजायच्या आधी. कापलेली कड कातडीला लागू द्यायची नाही आणि दुखेल इतकं ओढायचं नाही. हे बाळंतपणानंतर करायचं, गरोदरपणात नाही. आणि निपलला चिरा असतील तर भरेपर्यंत थांबायचं.

चिरा पडल्या असतील तर

मलम कोणतं, हा पहिला प्रश्न असतो. पकड न सुधारता लावलेलं कोणतंही मलम पुढच्या पाजण्यात वाया जातं. म्हणून आधी वरचं सगळं, मग हे.

पाजून झाल्यावर शेवटचे दोन-चार थेंब दूध पिळून निपलवर पसरा आणि वाऱ्यावर सुकू द्या. शुद्ध लॅनोलिनची ट्यूब मेडिकलमध्ये मिळते, ती मुगाएवढी लावली तरी पुरते आणि पाजताना पुसावी लागत नाही. तीही नको असेल तर चांगल्या खोबरेल तेलाचा एखादा थेंब चालतो. घरातलं तूप-लोणी मात्र मी लावू देत नाही. शिळं निघालं, बाळाच्या तोंडात गेलं, तर कशाला ती भानगड.

मध तर अजिबात नाही, निपलवरही नाही आणि चाटवायलाही नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते, आणि ती जिवावर बेतते. साबण, डेटॉल, स्पिरिटही नको. दर वेळी निपल धुऊन पुसायची चाल बंद करा. आंघोळीचं पाणी पुरेसं आहे. काळ्या भागावरच्या बारीक पुटकुळ्यांतून नैसर्गिक तेल येतं, ते साबणाने जातं आणि कातडी फुटते.

एका बाजूला जास्त दुखत असेल तर कमी दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करा. भुकेलं बाळ जोरात ओढतं, पान्हा फुटला की ओढ सौम्य होते. अगदीच सहन होत नसेल तर त्या बाजूला एक-दोन दिवस विश्रांती द्या, पण दूध हाताने काढत राहा आणि तेच वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. बाळाने टाकलेल्या दुधात रक्ताची रेघ दिसली की घरात रडारड होते. चिरेतलं रक्त गिळल्याने बाळाला अपाय होत नाही. आईला एचआयव्ही असेल तर मात्र चिरा, रक्त किंवा गाठ दिसताच एआरटी केंद्राला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, कळवा. त्या बाजूचं दूध द्यायचं की नाही ते तिथून विचारून घ्या.

पकड सुधारल्यावर काही दिवसांत फरक पडतो. चिरेत पू, पिवळी खपली दिसली किंवा आठवड्यात फरकच नसला तर डॉक्टरांना दाखवा.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती भरून येते

चीक जाऊन दूध उतरतं ते याच दिवसांत, आणि पाचवीची पूजाही याच दिवसांत. घर पाहुण्यांनी भरलेलं, बाळ या हातातून त्या हातात, बाळंतीण पदर सावरून बसलेली. दुपारी एकदा पाजलं ते थेट रात्री. रात्री छाती भरून टणक झालेली, काळा भागही ताणलेला, बाळाचं तोंड घसरतंय. ज्या घरात चीक पिळून टाकतात आणि पहिले दोन दिवस गुळाचं पाणी देतात, तिथे हा त्रास आणखी वाढतो. चीक हे बाळाचं पहिलं औषध आहे, तो थेंबभरही टाकू नका. आणि पाहुण्यांना थांबायला सांगायचं काम आजीने अंगावर घ्यावं.

इलाज म्हणजे पाजणं: चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, रात्रीसुद्धा. पाजायच्या आधी दोन-चार मिनिटं कोमट ओला फडका ठेवा किंवा कोमट पाण्याने आंघोळ करा. काळा भाग टणक असेल तर दोन्ही हातांची बोटं निपलच्या बुडाशी गोल ठेवून छातीच्या दिशेने हलकेच दाबून मिनिटभर धरा. सूज मागे सरते, तेवढा भाग मऊ होतो आणि बाळाला धरता येतो. तरी जमलं नाही तर थोडं दूध हाताने काढून मग लावा.

हाताने काढायची रीत सगळ्यांना यायला हवी. हात धुवा. अंगठा वर आणि दोन बोटं खाली, निपलपासून साधारण दोन बोटं अंतरावर. आधी छातीकडे आत दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, मग सोडा. दाबा, आणा, सोडा. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत आणि निपल पिळायचं नाही. पहिलं मिनिट-दोन मिनिटं काही येत नाही, मग थेंब, मग चिळकांडी. बोटं गोल फिरवत सगळीकडून काढा. बाळाला धरता येईल इतकी छाती मऊ झाली की थांबा. रोज पूर्ण रिकामी करत राहिलात तर शरीराला वाटतं मागणी वाढली, आणि उद्या आणखी दूध येतं.

पाजून झाल्यावर शेक थंड हवा, गरम नाही. लाइट नसेल, फ्रिज नसेल तर माठातल्या पाण्यात सुती फडका भिजवून दहा मिनिटं ठेवा, तेवढंही पुरतं. बाळंतिणीला शेक-शेगडीची सवय असल्याने थंड म्हटलं की आजी दचकतात. छातीवर दहा मिनिटं ओला फडका ठेवल्याने ना दूध गोठतं, ना बाळाला सर्दी होते. उलट वैशाखात, पारा चाळीसच्या वर असताना बंद खोलीत शेगडीजवळ निजवलेली बाळंतीण घामाने गळून जाते. तिला पाणी, ताक, पेज हवी. बाळाला मात्र सहा महिने पाण्याचा थेंबही नको, लातूर-परभणीच्या उन्हाळ्यातही नको. त्याला जास्त वेळा पाजा.

पंपाबद्दल एक. मेडिकलमध्ये रबरी फुग्याचा भोंगा मिळतो, तो घेऊ नका. ओढ आवरता येत नाही आणि फुगा आतून साफ होत नाही. दुसरा पंप घ्यायचा तर तोंडाचं माप निपलला बसतंय ना ते बघा. घट्ट कपाने पंपच चिरा पाडतो.

गाठ, लाली, थंडीताप

यात जुना सल्ला बदललाय, म्हणून लक्ष द्या. पूर्वी गाठ लागली की गरम शेका, जोरात चोळा, पूर्ण पिळून रिकामी करा, असं आम्हीही सांगायचो, कारण तेच शिकवलेलं होतं. 2022 मध्ये अ‍ॅकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने नवं मार्गदर्शन दिलं. गाठ म्हणजे नळीत अडकलेला दुधाचा बोळा, ही समजूतच त्यात बाजूला पडली. आतल्या नाजूक नळ्यांभोवती सूज येऊन त्या दबतात. जोरात चोळलं की सूज वाढते, सारखं पिळलं की दूध आणखी बनतं.

म्हणून बाळ मागेल तसं दोन्ही बाजूंनी पाजत राहा, जास्तीचं पिळू नका. पाजल्यावर थंड फडका किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवा. बोट फिरवायचंच तर कुत्र्या-मांजराला कुरवाळतो तितक्या हलक्या हाताने, बगलेच्या दिशेने. मालीशवाल्या बाईला छाती रगडू देऊ नका. ब्लाउज सैल घाला. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेन सूजही उतरवते आणि पाजणाऱ्या आईला चालते, पण जेवणानंतर, आणि अल्सर, दमा, किडनीचा त्रास किंवा सिझरनंतर चालू असलेली औषधं असतील तर आधी विचारून. अ‍ॅस्पिरिन नको, आणि दुकानदाराने दिलेल्या ‘दुखण्याच्या जोरदार गोळ्या’ही नकोत, ट्रॅमाडॉलसारखी औषधं बाळाला गुंगी आणतात.

ताप 101 च्या पुढे, हुडहुडी, अंग मोडून आलेलं, छातीवर तिरपा लाल गरम पट्टा असेल तर चोवीस तास वाट बघायची, त्याहून जास्त नाही. फरक पडला नाही, किंवा आधीच फार आजारी वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. प्रतिजैविकं लागली तर दहा ते चौदा दिवसांचा कोर्स असतो. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही. पाजणाऱ्या आईला चालणारी औषधं आहेत; पाजतेय हे सांगा म्हणजे झालं.

आणि पाजणं थांबवायचं नाही. ‘तापाचं दूध बाळाला बाधतं’ हे ऐकून अचानक बंद केलं की दूध साठतं आणि गळू व्हायचा धोका वाढतो. आजारी बाजूचं दूध जरा खारट लागतं, म्हणून बाळ कधी तोंड फिरवतं; मग त्या बाजूचं हाताने काढा. गाठ मऊ, डुबडुबीत आणि अतिशय दुखरी झाली तर पू झालाय. सोनोग्राफी करून तो सुईने किंवा छोट्या छेदाने काढतात. लेप लावून पिकायची वाट बघू नका. औषध घेऊनही गाठ दोन-तीन आठवडे तशीच राहिली तर पुन्हा तपासून घ्याच, भले ती दुखत नसो.

कमी आढळणारी कारणं

पकड चांगली आहे, तरी निपल आणि छातीच्या आत जळजळ होते, पाजून झाल्यावरही राहते, आणि बाळाच्या जिभेवर-गालात न पुसली जाणारी पांढरी साय दिसते, तेव्हा बुरशीचा संसर्ग असू शकतो. औषध आई आणि बाळ दोघांना एकाच वेळी घ्यावं लागतं, नाहीतर तो एकमेकांकडून परत येतो. पण जळजळ म्हणजे बुरशीच असं धरून महिनाभर मलम लावणाऱ्या कितीतरी जणींचं मूळ दुखणं पकडीचं निघतं.

परभणीकडच्या पौष-माघाच्या थंडीत निपल पांढरं पडून मग निळसर-लाल होणारं दुखणं दिसतं. बाळाने सोडलं की लगेच कोरड्या उबदार कापडाने झाका, ओला ब्लाउज बदला. इथे थंड शेक उलटा पडतो. मिश्री लावायची सवय असेल तर तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आखडतात, शिवाय निकोटिन दुधातून बाळाला जातं. तरी थांबलं नाही तर यावर गोळ्या आहेत, डॉक्टर देतात.

बाळाची जीभ खालच्या ओठापुढे येत नसेल, रडताना टोकाला खाच पडत असेल, तर जिभेखालचा पडदा आखूड असू शकतो. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, प्रत्येकाचा कापावा लागत नाही. दात येणारं बाळ चावतं ते बहुधा पोट भरल्यावर, कारण ओढताना त्याची जीभ खालच्या दातांवर असते. किंचाळून ओढून घेऊ नका. क्षणभर जवळ दाबा, ते स्वतः सोडतं.

कामावर जाणाऱ्या आईची छाती

दिवाळीच्या सुमाराला बीड, धाराशिव, परभणीच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पोर कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीत, थोरल्या बहिणीजवळ, आई पहाटेपासून उसाच्या फडात. सात-आठ तासांचा खाडा पडला की छाती ठणकते, अंगात कणकण येते आणि ती उन्हाची समजून अंगावर काढली जाते. कापूस वेचणारीचं, शिवणकामावर जाणारीचंही तेच. निघायच्या आधी दोन्ही बाजूंनी पाजा. मधे जेवणाच्या सुट्टीत आडोशाला जाऊन पाच-दहा मिनिटं हाताने दूध काढा. ठेवायची सोय नसेल तर जाऊ द्या, छाती वाचते. परत आल्यावर चुलीला हात लावायच्या आधी पाजा. घरी काढून ठेवायचं असेल तर उकळून गार केलेल्या स्टीलच्या वाटीत, झाकून. खोलीत गारवा असेल तर चार तास, उन्हाळ्यात त्याहून बरंच कमी. मुकादमाने लेकराला फडाजवळच्या सावलीत आणू दिलं तर यातलं अर्धं लागतच नाही, आणि तेवढं मागायला टोळीतल्या बायांनी मिळून तोंड उघडावं.

कुठे जायचं

दवाखान्यात बाळंत झालेल्या आईकडे आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येतात. पाजताना दुखतंय का, हे त्यांनी विचारायचंच असतं. नाही विचारलं तर तुम्ही सांगा. केंद्र सरकारने 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘मा’ कार्यक्रमात याच कामाचं प्रशिक्षण आशा आणि नर्सना दिलं जातं. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडच्या विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. बाळंतीण आणि तान्ह्या बाळाला नेण्यासाठी 102, तातडीला 108.

ताप उतरत नाही, पू दिसतो, आईला भोवळ येते, तर त्याच दिवशी जा. बाळ सुस्त पडलंय, पाजायला उठत नाही, पाच दिवसांनंतरही चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी करतंय, दोन आठवडे झाले तरी जन्माचं वजन भरून आलेलं नाही, तर आईला दुखत नसलं तरी जा.

जाताना बाळ सोबत न्या. दुखणं आईचं म्हणून बाळ घरी ठेवून येणाऱ्या कितीतरी जणी बघितल्या. मग कातडी बघून मलम लिहून देण्यापलीकडे काही करता येत नाही. शक्य असेल तर दाराशी पोचेपर्यंत पाजू नका, म्हणजे बाळ भुकेलं असेल आणि तपासणाऱ्याला पकड डोळ्यांनी बघता येईल. कुणी न बघताच चिठ्ठी लिहायला घेतली तर म्हणा, ‘आधी मी पाजते, तुम्ही बघा.’